चार जीबीच्या लॅपटॉपला राखणदार किती?

आपल्या बहुतेक घरांत लॅपटॉप एकच असतो आणि तो कुणा एकाचा नसतो. मुलगी बारावीला गेली म्हणून घेतलेला, नाहीतर चुलत भावाने नवा घेतल्यावर त्याचा जुना आपल्याकडे आलेला. सकाळी त्यावर क्लासचे व्हिडिओ चालतात, संध्याकाळी अब्बा दुकानाचा जीएसटी बघतात, रात्री कुणीतरी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसलेले असते. त्याच्या डेस्कटॉपवर काय काय पडले आहे ते एकदा नजरेखालून घाला. सगळ्यांची आधार कार्डे, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणीची कागदपत्रे, निकाहनाम्याची स्कॅन केलेली प्रत, कुवेतला असलेल्या मामूच्या पासपोर्टचे पान, लग्नाचे आणि ईदचे फोटो. ब्राउझरमध्ये चार जणांचे पासवर्ड साठवलेले. एवढी अमानत ज्या यंत्रात आहे ते यंत्र मात्र सेलेरॉन प्रोसेसरचे आणि ४ जीबी रॅमचे. चालू व्हायलाच चहा होईपर्यंत वेळ घेणारे.

अशा लॅपटॉपवर कोणता अँटीव्हायरस टाकावा, हा प्रश्न पालकसभेनंतर मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला कंपनीचे नाव हवे असते. माझे उत्तर ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो, कारण मी म्हणते, विंडोज १० किंवा ११ असेल तर काही विकत घेऊ नका. विंडोजमध्येच डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस असतो, तो चालू आहे एवढे बघा. तो फुकट आहे म्हणून कमी दर्जाचा असणार, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. एके काळी तिच्यात तथ्यही होते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर तो पहिल्यांदा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आला, तेव्हा तो फार मागे होता. आता तसे राहिलेले नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था वर्षभर सगळ्या कंपन्यांच्या अँटीव्हायरसची परीक्षा घेतात आणि निकाल लोकांसमोर ठेवतात. गेली काही वर्षे संरक्षणाच्या विषयात डिफेंडर पैसे मोजून घ्याव्या लागणाऱ्या नावांच्या बरोबरीने बसतो.

पण एक गोष्ट लपवून ठेवायची नाही. डिफेंडर सगळ्यांत हलका नाही. याच परीक्षांमध्ये वेग हा वेगळा विषय असतो. फाइली कॉपी करायला किती वेळ लागला, प्रोग्राम बसवायला किती, वेबसाइट उघडायला किती, हे मोजले जाते. फाइली कॉपी करताना आणि नवा प्रोग्राम बसवताना डिफेंडर रेंगाळतो. ईसेट किंवा चेन्नईचा के-७ यांसारखे काही अँटीव्हायरस त्या कसोटीत त्याच्यापेक्षा हलके ठरलेले आहेत. तरीही घरच्या लॅपटॉपसाठी मी डिफेंडरच का सांगते? त्याची मुदत ऐन परीक्षेच्या मार्च महिन्यात संपत नाही. तो दर दोन दिवसांनी कोपऱ्यातून डोके वर काढून “तुमचे संरक्षण अपुरे आहे, आजच नूतनीकरण करा” म्हणत नाही. आणि त्याच्यासोबत व्हीपीएन, सफाई करणारा प्रोग्राम, पासवर्डची वही, खरेदीचा सल्लागार असे बिऱ्हाड येत नाही.

ते बिऱ्हाडच कमजोर लॅपटॉपला बसवते. ४ जीबी रॅममधली निम्मी किंवा त्याहून जास्त जागा विंडोज ११ स्वतःच व्यापते. उरलेल्या जागेत क्रोमच्या पाच-सहा खिडक्या उघडल्या की रॅम भरते. मग संगणक हार्ड डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरू लागतो, आणि डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची असेल तर तिथेच सगळे अडते. अँटीव्हायरसचे मूळ काम असे की, तुम्ही उघडाल ती प्रत्येक फाइल तो आधी स्वतः उघडून बघतो. एक राखणदार दारावर झडती घेत असेल तर दोन मिनिटे जास्त लागतात, ठीक आहे. पण ‘टोटल सिक्युरिटी’ नावाच्या डब्यात असे सात-आठ जण एकदम येतात आणि प्रत्येकाला बसायला खुर्ची लागते.

आणि दोन अँटीव्हायरस एकत्र कधीही ठेवू नयेत. हे ठळक अक्षरांत छापावे असे मी संपादकांना सांगणार होते. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरचा लॅपटॉप असाच माझ्यासमोर आला. कंपनीकडून आलेली एका अँटीव्हायरसची नमुना आवृत्ती त्यात आधीपासून होती, तिची मुदत केव्हाच संपलेली. त्यावर दुकानदाराने ‘फुल व्हर्जन’ म्हणून चोरीची दुसरी आवृत्ती टाकून दिलेली. दोघे एकमेकांच्या फाइली तपासत बसलेले. वर्डची साधी फाइल उघडायला मिनिट-दीड मिनिट. घरच्यांनी नवा लॅपटॉप घ्यायचे ठरवले होते, हप्त्यांची चौकशीही झाली होती. दोन्ही काढून टाकले, लॅपटॉप बंद करून चालू केला, डिफेंडर आपोआप जागा झाला. मुलीने त्याच लॅपटॉपवर सीईटीची तयारी केली.

नवा लॅपटॉप घेतलात तर त्यातही बहुधा मॅकॅफी किंवा नॉर्टनची काही महिन्यांची नमुना आवृत्ती असते. दुसरा अँटीव्हायरस बसला की डिफेंडर बाजूला होतो, हे विंडोजचे ठरलेले वागणे आहे. ती मुदत संपल्यावर पैसे भरायचे नसतील तर तो प्रोग्राम रीतसर काढून टाकावा. तसाच पडू दिला तर कधी कधी दोघांपैकी कुणीच नीट पहाऱ्यावर नसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज सिक्युरिटी उघडली की सगळीकडे हिरवी खूण दिसली पाहिजे. पिवळी किंवा लाल दिसली तर तिथेच कारण लिहिलेले असते.

नेट नसलेल्या घराचा प्रश्न

एका बाबतीत मात्र डिफेंडर कमी पडतो आणि तो आपल्याकडच्या घरांना लागू पडणारा मुद्दा आहे. संशयास्पद फाइल दिसली की डिफेंडर इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या संगणकांना विचारतो, हिला ओळखता का? नेट चालू असेल तर उत्तर क्षणात येते. नेट बंद असेल तर त्याला लॅपटॉपमध्ये साठवलेल्या माहितीवर भागवावे लागते, आणि तेव्हा त्याची पकड ढिली होते. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या तक्त्यात नेट चालू असतानाचा आणि बंद असतानाचा निकाल वेगवेगळा देतात, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे कित्येक घरांत वायफाय नसते. अब्बांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट मिळाला की नेट, ते दुकानात गेले की नेट बंद. आणि पेन ड्राइव्ह नेमका दुपारी येतो, झेरॉक्सच्या दुकानातून किंवा मैत्रिणीकडून. म्हणून माझा एक साधा नियम आहे. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह हॉटस्पॉट चालू असतानाच लावायचा. आधी त्याच्यावर उजवे बटण दाबून डिफेंडरने तपासायचा आणि मगच उघडायचा. फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला, म्हणजे फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागला, तर त्यावर क्लिक करू नये. मूळ फाइली बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. त्या परत दिसतात, घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायची घाई करू नका.

ज्यांचा लॅपटॉप आठवडेच्या आठवडे नेटशिवाय चालतो, किंवा जे घरातच टायपिंगचे अथवा फॉर्म भरून देण्याचे काम करतात आणि दिवसाला दहा परके पेन ड्राइव्ह लावतात, त्यांनी मात्र पैसे देऊन अँटीव्हायरस जरूर घ्यावा. घेताना ‘टोटल’ किंवा ‘प्रीमियम’ नव्हे, त्या कंपनीचा सर्वांत साधा, नुसता अँटीव्हायरस घ्यावा. बहुतेक कंपन्या महिनाभर वापरून बघू देतात. त्या महिन्यात मोबाइलचे घड्याळ लावून मोजा. लॅपटॉप चालू करून ब्राउझर उघडेपर्यंत आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो? फोटोंचा तोच एक फोल्डर कॉपी करायला किती? दुकानदाराच्या शब्दापेक्षा हे दोन आकडे खरे. बिघाड झाल्यावर जवळ कुणीतरी मदतीला हवे असेल तर पुण्याची क्विक हील आहे. कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी भाऊ संजय यांच्यासोबत ती कंपनी उभी केली. कमजोर लॅपटॉपवर तिचीही मोठी आवृत्ती जड जाते, म्हणून तिथेही घड्याळाचाच नियम.

‘फुकट’ म्हणून मिळणाऱ्या इतर अँटीव्हायरसबद्दल मला शंका आहे, आणि ती उगीच नाही. अव्हास्ट हे नाव पुष्कळांना माहीत असेल. हा अँटीव्हायरस वापरणारे लोक कोणकोणत्या वेबसाइट पाहतात ही माहिती कंपनी जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होती. ते उघडकीला आल्यावर २०२० साली जम्पशॉट बंद करण्यात आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ज्याला दारावर बसवले तोच घरातल्या गोष्टी बाजारात सांगत होता.

आणि चावी कोण देते?

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे इनपेज आणि श्रीलिपी या दोन्हींशी माझा रोजचा संबंध. प्रश्नपत्रिका, दावतनामे, मदरशाच्या जलशाची पत्रके, सगळे त्यावरच चालते. आणि मला हेही दिसते की आपल्याकडच्या कित्येक लॅपटॉपवर त्यांच्या चोरीच्या प्रती आहेत. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या. त्या बसवताना सूचना अशी असते, “आधी अँटीव्हायरस बंद करा.” म्हणजे चोराने पहारेकऱ्याला सुट्टी द्यायला सांगितले आणि आपण दिली. एकदा बंद केलेला अँटीव्हायरस नंतर चालू करायचे कुणाच्या लक्षात राहत नाही.

ही नुसती कल्पना नाही. २०१६ साली कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की इनपेजमधल्या एका उणिवेचा फायदा घेऊन इनपेजच्याच फाइली हल्ल्यासाठी वापरल्या जात होत्या. फाइल उघडली की काम तमाम. उर्दू लिहिणारे जगात कोण आहेत हे हेरून केलेले ते काम होते. चोरीच्या जुन्या प्रतीला दुरुस्ती मिळत नाही, तिच्यातले भोक तसेच राहते. दुसऱ्याचा हक मारण्याचा प्रश्न तर आहेच. त्याबद्दल जुम्म्याच्या बयानात आपण ऐकतो, पण सॉफ्टवेअरची गोष्ट निघाली की तो नियम आपण बाजूला ठेवतो. यातली गंमत अशी की पीसीवर पसरलेला सुरुवातीचा एक प्रसिद्ध व्हायरस, ‘ब्रेन’, १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिला होता. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून, असे त्यांचे म्हणणे! व्हायरसमध्ये त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. आजचे लोक पत्ता देत नाहीत.

उर्दू टायपिंगसाठी आता चोरीची गरजही उरलेली नाही. विंडोजमध्ये उर्दूचा कीबोर्ड येतोच, गूगलचा नोटो नस्तालीक हा फॉन्ट मोफत मिळतो, आणि लिब्रे ऑफिस हे पूर्ण लेखन-सॉफ्टवेअरही मोफत आहे. छापखान्याला इनपेजचीच फाइल हवी असेल तेव्हा अडचण होते हे मान्य. घरच्या अर्जांना आणि गृहपाठाला होत नाही.

चावी देण्याचा दुसरा प्रकार म्हणजे अपडेट बंद करून ठेवणे. “अपडेटने लॅपटॉप स्लो होतो” असे सांगून काही दुकानदार ते बंद करून देतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीच्या व्हायरसने इंग्लंडमधल्या रुग्णालयांपर्यंत धुमाकूळ घातला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. अपडेट चालू असताना लॅपटॉप मंदावतो हे खरेच आहे, म्हणून ते रात्री चार्जिंगला लावून, हॉटस्पॉट देऊन होऊ द्यावे.

तिसरा प्रकार घरातलाच. सगळे जण एकाच खात्यातून लॅपटॉप वापरतात आणि ते खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चे असते. म्हणजे आठवीतल्या मुलाने खेळ समजून काही दाबले तरी ते बिनदिक्कत बसते. मुलांसाठी वेगळे साधे खाते उघडा आणि काही नवे बसवायचे तर आईचा किंवा वडिलांचा पासवर्ड लागेल असे करा. याला पैसे लागत नाहीत. मात्र मुलगा काय बघतो ते त्याच्या नकळत टिपून ठेवणारे सॉफ्टवेअर बसवा, असे मी सांगत नाही, कुणी विचारले तरी. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसची मनाई आहे आणि ती घरातल्या माणसांनाही लागू आहे. वेळेची मर्यादा घाला, कोणत्या साइट बंद आहेत ते तोंडावर सांगा, लॅपटॉप बैठकीच्या खोलीत ठेवा. मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी मोफत आहे, ती मुलाला शेजारी बसवून लावता येते.

अँटीव्हायरसला न दिसणारे

लॅपटॉपवर काम करता करता अचानक पूर्ण पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, “तुमचा संगणक धोक्यात आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा” असे येते. हा व्हायरस नसतो, एक साधे वेबपान असते. फोन केला की पलीकडचा माणूस मोठ्या सभ्यतेने बोलतो, एनीडेस्कसारखे प्रोग्राम बसवायला सांगतो आणि मग लॅपटॉप त्याच्या हातात जातो. एनीडेस्क स्वतः चांगला प्रोग्राम आहे, म्हणून अँटीव्हायरस त्याला अडवत नाही. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबायची, समोर येणाऱ्या यादीतून ब्राउझर बंद करायचा. तेही जमले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरायचे. काही बिघडत नाही. ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कारण भोंगा वाजल्यावर सांगायला तुम्ही घरी नसाल. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा. बँकेतून पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येतात, पण त्यासाठी वेळ तासांत मोजला जातो.

जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ फायरफॉक्समध्ये लावले तर असे सापळे कमी दिसतात आणि पाने हलकी झाल्याने कमजोर लॅपटॉप चक्क वेगाने चालतो. क्रोममध्ये त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते. अँटीव्हायरसवर पाचशे रुपये घालवण्याआधी हे करून बघा.

व्हॉट्सॲप वेबवरून आलेल्या फाइलीचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीत आहे, ती चालू करा. ‘निकाल.पीडीएफ’ असे दिसणाऱ्या फाइलीच्या शेवटी ‘ईएक्सई’ लपलेले असेल तर ती पीडीएफ नाही, प्रोग्राम आहे. असे प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काही सेकंदांत उचलून नेतात. निदान बँकेचा आणि मुख्य ईमेलचा पासवर्ड तिथे ठेवू नये.

आणि कागदपत्रांची दुसरी प्रत. खंडणीचा व्हायरस फाइलींना कुलूप लावतो तेव्हा जोडलेल्या हार्ड डिस्कलाही लावतो. म्हणून प्रत घेतली की डिस्क काढून कपाटात, कागदांच्या पेटीत. महिन्यातून एकदा पुरते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी घरातल्या बायका-मुलींचे फोटो या डिस्कवर हलवून लॅपटॉपमधून काढून टाकावेत आणि कचरापेटीही रिकामी करावी. दुरुस्ती करणारा भला माणूस असेलही, पण त्याच्या दुकानात बसणारे सगळे आपल्या ओळखीचे नसतात.

राहिला जुना लॅपटॉप. विंडोज ७ असेल तर त्याचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्यावर कोणताही अँटीव्हायरस टाकून बँकेचे काम करू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नाव नोंदवले तर सुरक्षेची अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जची प्रत त्यांच्याकडे ठेवू दिली तर त्याला पैसेही पडत नाहीत. विंडोज १० वरच्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहील असे कंपनीने जाहीर केले आहे, पण ती राखणदाराला दिलेली माहिती झाली. दाराची मोडलेली कडी त्याने बसत नाही.

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय असलेला, मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. जुन्या लॅपटॉपमध्ये तो नसेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवून बघावी. ती मोफत आहे, २ जीबी रॅमवरही चालते, ४ जीबीवर आरामात. मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येते, शिष्यवृत्तीच्या साइट फायरफॉक्समध्ये उघडतात, आणि पेन ड्राइव्हवरचे विंडोजचे व्हायरस तिथे चालत नाहीत. टॅली, इनपेज आणि डिजिटल सहीची किल्ली यांच्यावर ज्यांचे पोट आहे त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघावे. लॅपटॉपमधले काही न पुसता तसे करता येते, आणि वायफाय, प्रिंटर, आवाज नीट चालतात की नाही ते अर्ध्या तासात कळते.